कुणीच ढकललं नाही

श्रावण सरत आला होता. कराडहून चिपळूणला जाणाऱ्या एस.टी.त बसले होते. पाटण मागं पडलं, कोयनानगर गेलं आणि कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं खाली आलं की रस्त्याकडेचा कठडाही दिसेना. गाडीत ओल्या रेनकोटांचा, डिझेलचा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास कोंडलेला. कंडक्टर मधल्या वाटेत उभे होते. दोन्ही हात तिकिटाच्या मशीनवर, कशालाही धरलेलं नाही, पाय जरा फाकवलेले, आणि वळण येईल तसा अंगाचा भार या पायावरून त्या पायावर. माझ्या पुढच्या बाकाशेजारी एक सहा-सात वर्षांचा मुलगा आईच्या गुडघ्याला टेकून उभा होता. एका वळणानंतर रस्त्यात गुरं बसलेली निघाली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि मुलगा भेलकांडत पुढच्या दांडीवर गेला. लागलं नाही, रडलाही नाही. उठला, मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. "आई, मला कुनी ढकललं?" "कुनी न्हाई रं, ब्रेक लागला." त्यानं क्षणभर विचार केला. "पर ब्रेक तर थांबवतो. मग मी पुढं कसा गेलो?" आई दमलेली होती. "गप बस आता, दांडी धर," म्हणाली.

तो गप्प बसला. मला मात्र चिपळूण येईपर्यंत दुसरं काही सुचेना.

कारण त्या पोराचा प्रश्न आपल्या सगळ्यांचा होता, आणि माणसाला त्याचं नीट उत्तर सापडायला दोन हजार वर्षं लागली. काही हललं म्हणजे कुणीतरी हलवलं असणार, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. माझ्या आजोबांची बैलगाडी होती. बैल थांबले की गाडी थांबायची. पाटाचं पाणी थांबलं की तरंगणारं पान थांबायचं. ढकलणं थांबलं की हलणं थांबतं, हे ज्यानं कधी शेतात काम केलं त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल हेच म्हणत होता. त्याला मूर्ख ठरवून पुढं जायची आपल्याकडं पद्धत आहे, ती मला आवडत नाही. त्यानं डोळ्यांना दिसलं तेच प्रामाणिकपणे मांडलं. अडचण एवढीच, की डोळ्यांना जे दिसतं त्यात घर्षण आधीच मिसळलेलं असतं. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला घर्षणाशिवायचं जग कधी पाहायलाच मिळत नाही.

आजोबांच्या गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. बाजाराला निघायच्या आधी ते चाकं ढिली करून आखाला काळंकुट्ट वंगण चोपडायचे. त्याचा वास आणि माझ्या फ्रॉकवर पडलेले न निघणारे डाग अजून आठवतात. वंगण ताजं असलं की सपाट रस्त्यावर बैलांनी ओढ सैल केली तरी गाडी थोडी पुढं घरंगळायची. वंगण वाळलेलं असलं की जागच्या जागी रुतायची. बैल तेच, गाडी तीच, ओझंही तेच. मे महिन्यात आम्ही ओसरीवर कॅरम खेळायचो तेव्हाही हेच व्हायचं. पाटावर बोरिक पावडर भुरभुरली की तोच स्ट्रायकर, त्याच बोटाचा तोच टोला, आणि सोंगटी चारही कडांवर आपटून परत माझ्याकडं यायची. पावडर संपली की मध्येच थबकायची. गाडी असो की सोंगटी, त्यांना थांबवणारं कुणीतरी आहे, हे सगळं आमच्या हाताखाली घडत होतं. इथून पुढचं पाऊल टाकायला मात्र गॅलिलिओ लागला.

त्यानं विचारलं, वंगण आणखी चांगलं असलं तर? आणखी गुळगुळीत? समोरासमोर दोन उतार ठेवा. एकावरून गोळी सोडली की ती दुसऱ्यावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. आता दुसरा उतार थोडा पसरट करा. गोळी तेवढीच उंची गाठण्यासाठी अधिक लांब जाते. आणखी पसरट केला तर आणखी लांब. मग तो पार आडवा करून टाका. उंची गाठायची तर आहे, पण उंची नाहीच. गोळी कुठं थांबेल?

थांबणारच नाही.

हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पाहणं शक्यही नव्हतं. जगातली धूळ, खरखर, हवा सगळं मनातल्या मनात पुसून टाकून त्यानं ते पाहिलं. शाळेत आपल्याला "घर्षणरहित पृष्ठभागावर ठेवलेला ठोकळा" अशी गणितं असायची आणि वर्गात कुणीतरी हमखास म्हणायचं, असा पृष्ठभाग असतो कुठं? बाई म्हणायच्या, धरून चाला. धरून का चालायचं, ते कुणी सांगितलं नाही. त्या एका शब्दात माणसाच्या कल्पनाशक्तीची केवढी मोठी उडी आहे, हे मला फार उशिरा, पुस्तकं वाचताना कळलं, आणि तेव्हा आनंदाबरोबर एक चुटपूटही लागली. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे नियम हा पहिलाच धडा आहे. जून महिन्यात, नव्या वह्यांचा वास गेला नसताना, मुलं तो नियम तोंडपाठ करतात. ती घोकत असतात ते वाक्य म्हणजे आधुनिक विज्ञानाचा उंबरठा आहे, आणि ओलांडताना कुणी खाली बघत नाही.

गॅलिलिओ नुसता कल्पना करणारा नव्हता, म्हणून तर मला तो जवळचा वाटतो. पडणारी वस्तू फार वेगानं पडते, मोजता येत नाही. म्हणून त्यानं पडणं मंद केलं. बारा हात लांब फळीत खाच पाडली, तिला गुळगुळीत चर्मपत्राचं अस्तर लावलं आणि तिरप्या फळीवरून काशाचा गोळा सोडला. सेकंद दाखवणारं घड्याळ नव्हतं. मोठ्या भांड्याला बारीक नळी लावून, गोळा घरंगळत असेतो नळीतून पडलेलं पाणी पेल्यात धरायचं आणि ते तराजूत तोलायचं. पाण्याचं वजन म्हणजे वेळ. हे त्यानं शंभर वेळा केल्याचं तो लिहितो. यातून हाती आलं ते असं: पहिल्या क्षणात गोळा जेवढं अंतर जातो त्याच्या तिप्पट दुसऱ्या क्षणात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात. एक, तीन, पाच, सात. पडणाऱ्या प्रत्येक दगडात, गळणाऱ्या प्रत्येक आंब्यात विषम संख्यांची ही रांग दडलेली आहे. ज्या पुस्तकात हे आलं ते १६३८ मध्ये हॉलंडातल्या लायडन शहरात छापलं गेलं, कारण त्याच्या देशात त्याचं लिखाण छापायला बंदी होती. तोवर तो फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी घरातच कैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. आपलं छापलेलं पुस्तक त्याला हातानं चाचपावं लागलं असणार.

त्याआधीच्या, १६३२ च्या पुस्तकात त्यानं जहाजातल्या बंद खोलीचं वर्णन केलंय. खोलीत फुलपाखरं आहेत, भांड्यात मासे आहेत, वर टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडतंय. जहाज उभं असो की शांत समुद्रात एकसारख्या वेगानं चाललेलं असो, फुलपाखरं सगळीकडं सारखीच उडतील, थेंब भांड्यातच पडेल. आतून जहाज चाललंय की थांबलंय हे ओळखता येणार नाही. हे वाचताना मला आर्यभट आठवतो. इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यानं लिहिलं की नावेत बसून पुढं जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडं जाताना दिसतात. दोघांच्या म्हणण्यात फरक आहे. आर्यभट आकाशाबद्दल बोलत होता, गॅलिलिओ वस्तूंच्या वागण्याबद्दल. पण दोघांनीही स्वतःला नावेत बसवून पाहिलं, आणि आपण स्थिर आहोत ही खात्री सोडून दिली. दादरला लोकलमध्ये बसलेलं असताना शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर पोटात खड्डा पडतो, आपलीच सुटली की काय. रोज हजारो लोकांना हा अनुभव येतो, आणि पुढच्या क्षणी प्लॅटफॉर्मचा खांब दिसला की विरून जातो.

मग न्यूटन. त्याच्या आधी देकार्तनं म्हटलं होतं की मोकळी सोडलेली वस्तू सरळ रेषेत जात राहते. न्यूटननं या सगळ्याला एका हिशोबात बसवलं. जात राहणं फुकट आहे, त्याला कारण लागत नाही, हा पहिला नियम. कारण लागतं ते बदलाला. वेग वाढला, कमी झाला, दिशा वळली, की बळ शोधा. वस्तू जितकी जड, तितकं तिला बदलायला बळ जास्त. आणि तुम्ही ज्याला ढकलाल ते तुम्हाला तेवढंच उलट ढकलेल. कंडक्टर चालतात तेव्हा ते पायानं फरशी मागं रेटतात आणि फरशी त्यांना पुढं. चिखलात पाय घसरतो, कारण चिखल उलट रेटायला तयार नसतो. घाटातल्या वळणावर बाकावरची पिशवी दरीच्या बाजूला सरकते तेव्हाही तिला कुणी बाहेर फेकत नसतं. ती सरळच जात असते, तिच्याखालची गाडी वळते.

या तीन नियमांना न्यूटननं चौथी गोष्ट जोडली, गुरुत्वाकर्षणाची: पृथ्वीची ओढ अंतराच्या वर्गानं कमी होत जाते. इथं मला दर वेळी थांबावं लागतं. पृथ्वीच्या मध्यापासून आपण एका त्रिज्येइतके लांब आहोत, चंद्र साठ त्रिज्यांइतका. अंतर साठपट, म्हणजे ओढ साठ गुणिले साठ, ३६०० पट कमी. आता हिशोब करून पाहा. हातातून सुटलेला दगड एका सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. चंद्र सरळ रेषेत निघून गेला असता त्यापेक्षा तो एका मिनिटात पृथ्वीकडं किती कलतो? सुमारे ४.९ मीटर. मिनिट म्हणजे साठ सेकंद, आणि पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गानं वाढतं, म्हणून ३६०० पट कमी ओढ आणि ३६०० पट जास्त अंतर एकमेकांना बरोबर फेडतात. कोजागिरीला गच्चीवर आटीव दुधात ज्याचं प्रतिबिंब पाहतो तो चंद्र पडतोच आहे. त्याच मिनिटात तो साठेक किलोमीटर आडवा सरकतो, म्हणून येऊन आदळत नाही. जमीन आणि आकाश यांचे कायदे वेगळे, ही समजूत इथं कायमची मोडली.

हे पुस्तकात यायचं श्रेय मी खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीलाही देते. १६८४ मध्ये तो केंब्रिजला न्यूटनकडं गेला आणि विचारलं, ओढ अंतराच्या वर्गानं कमी होत असेल तर ग्रहाचा मार्ग कसा असेल? न्यूटन म्हणाला, लंबवर्तुळ, मी काढून ठेवलंय. पण कागद सापडेना. हॅलीनं पिच्छा सोडला नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे पैसे माशांवरच्या एका ग्रंथात अडकले होते, तेव्हा १६८७ मध्ये न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या छपाईचा खर्च त्यानं स्वतः केला. दुसऱ्याच्या बुद्धीवर एवढा जीव लावणारी माणसं विरळा.

आपल्याकडं पंचांगवाले न्यूटनच्या कितीतरी आधीपासून ग्रहणाची वेळ सांगत आले. ते ज्ञान लहान नव्हतं. पण ग्रहणं फेऱ्यांनी परत येतात, आणि पिढ्यानपिढ्यांच्या नोंदींतून त्या फेऱ्या बांधता येतात. धूमकेतू पंचांगात बसत नव्हता. तो आगंतुक होता, लोक त्याला भ्यायचे. हॅलीनं १७०५ मध्ये न्यूटनच्या नियमांनी गणित करून सांगितलं की १५३१, १६०७ आणि १६८२ चा धूमकेतू एकच आहे आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल. १७४२ मध्ये हॅली वारला. ती वेळ जवळ आल्यावर पॅरिसमध्ये तिघं जण नेमका हिशोब करायला बसले: क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ही विदुषी. गुरू आणि शनी धूमकेतूला वाटेत किती मागं ओढतील, हे अंशाअंशानं काढायचं होतं. सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवणाच्या ताटावरही, आकडेमोड चालली. उत्तर आलं, गुरूमुळं ५१८ दिवस उशीर, शनीमुळं १००. सूर्याच्या सर्वांत जवळ तो १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास येईल, महिनाभर इकडंतिकडं. १७५८ च्या नाताळच्या दिवशी ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला तो आपल्या दुर्बिणीतून दिसला. सूर्याजवळ तो १३ मार्चला पोचला. शहात्तर वर्षांच्या वाटेत महिनाभराची चूक. १९८६ मध्ये तोच धूमकेतू परत आला तेव्हा आम्हाला पहाटे उठवून माळावर नेलं होतं. फिकट धुरकट ठिपका होता, मला थंडी वाजत होती. आज वाटतं, त्या ठिपक्याबरोबर लपोतबाईंचं नावही कुणी सांगायला हवं होतं.

आता आईनस्टाईन आल्यावर हे सगळं जुनं झालं नाही का, असं पुष्कळदा ऐकू येतं. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला जास्त सरकते, आणि न्यूटनच्या गणितात तेवढं बसत नाही, हे खरं. ज्या ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या कागदी हिशोबावरून १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत सांगितल्या जागेपासून अंशभराच्या आत नेपच्यून सापडला, त्यानंच बुधाची ही अडचण दाखवून दिली होती. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असं त्याला वाटलं. तसा ग्रह नव्हता. उत्तर १९१५ मध्ये आईनस्टाईनच्या सिद्धांतातून आलं. पण ४३ विकला म्हणजे अंशाचा ऐंशीवा भागसुद्धा नाही, आणि तोही शंभर वर्षांत. ज्या शास्त्राची चूक इतकी बारीक पकडता येते, त्याच्यावर माझा विश्वास उलट वाढतो. पूल, पाळणे, जलविद्युत केंद्रातली चक्रं, क्रिकेटचा चेंडू, सगळं अजून त्याच्याच हिशोबानं चालतं.

आणि मंगळयानही. डिसेंबर २०१३ च्या पहिल्याच दिवशी त्यानं पृथ्वी सोडली. मंगळाला पोचायला सुमारे तीनशे दिवस लागले, आणि या सगळ्या काळात त्याचं मुख्य इंजिन जवळपास बंदच होतं. सूर्याच्या ओढीनं वाट वाकवली एवढंच, बाकी ते आपलं जात राहिलं. त्या पोराला हे सांगता आलं असतं तर! तीनशे दिवस कुणीही ढकलत नव्हतं. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी इंजिन सुमारे २४ मिनिटं चाललं ते वेग वाढवायला नव्हे, ब्रेक लावायला. सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटर एवढा वेग कमी केला नसता तर यान मंगळाला ओलांडून सरळ निघून गेलं असतं. तिथला संदेश इथं पोचायला बारा मिनिटं लागत होती, म्हणजे ऐन वेळी इथून काही करण्यासारखं नव्हतं. सगळ्या आज्ञा आधीच भरून ठेवलेल्या. बंगळुरूतली माणसं पडद्याकडं बघत बसली होती ती या नियमांवर भरवसा ठेवून.

तरीही माझं मन पूर्ण हरखत नाही. तोफगोळा कुठं पडेल, या प्रश्नानंही या शास्त्राला बळ दिलं, आणि यान नेणारं गणित क्षेपणास्त्रही नेतं. नियमाला माणूस कळत नाही. घाटातल्या त्या ब्रेकमध्ये मुलगा दांडीवर थांबला. दांडीच्या जागी काच असती तर? रस्त्यावर दर पावसाळ्यात जी माणसं जातात त्यातली कितीतरी याच पहिल्या नियमानं जातात. गाडी थांबते, ती थांबत नाहीत.

अठराव्या शतकात यावरून युरोपात वाद पेटला होता, चालत्या वस्तूतला जोर वेगाच्या पटीत वाढतो की वेगाच्या वर्गाच्या? डच शास्त्रज्ञ ग्रावेसांड यानं पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगानं पडलेला गोळा दुप्पट नव्हे, चौपट खोल गेला. फ्रान्सच्या एमिली द्यु शातले हिनं या प्रयोगाचं मोल ओळखलं आणि ते आपल्या पुस्तकात मांडलं. 'प्रिन्सिपिया'चं फ्रेंच भाषांतरही तिचंच. १७४९ मध्ये, बेचाळिशीत गरोदर असताना, यातून आपण वाचणार नाही अशी धास्ती मनात घेऊन तिनं ते पुरं केलं. बाळंतपणानंतर काही दिवसांत ती गेली. पूर्ण ग्रंथ छापला गेला १७५९ मध्ये, धूमकेतू परतला त्याच वर्षी. फ्रेंच वाचक अजून तोच वाचतात.

तो चौपटीचा हिशोब आपल्या रस्त्यावर जसाच्या तसा लागू आहे. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटरला ब्रेक लागल्यावर गाडी नऊ-दहा मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी ८० ला तिला छत्तीस ते चाळीस मीटर लागतात, आणि १२० ला ऐंशी-नव्वद. ओल्या रस्त्यावर आणखी. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेलं अंतर धरलेलंच नाही. नववी-दहावीची मुलं वेगाचा वर्ग काढून गुण मिळवतात आणि वर्षा-दोन वर्षांत मोटरसायकलवर बसतात. त्यांना हे दोन्ही एकच आहे असं कुणीतरी हात धरून दाखवायला हवं, असं मी माझ्या एका मैत्रिणीला म्हटलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं लगेच विचारलं, वेग कशानं मोजायचा? मग आम्ही बसून ठरवलं. मैदानावर दहा मीटरवर दोन काठ्या रोवायच्या, मोबाईलच्या घड्याळावर एकानं वेळ घ्यायची, दुसऱ्या काठीपाशी सायकलचा ब्रेक दाबायचा आणि चाकाची खूण कुठं संपते तिथं चुना टाकायचा. आधी हळू, मग दुप्पट वेगानं, हेल्मेट घालून. अंतर मुलांनीच टेपनं मोजायचं, उत्तर आधी सांगायचं नाही. मैदानात सध्या घोटाभर चिखल आहे. दसऱ्यापर्यंत वाळेल म्हणते, तोवर ती दोन बऱ्या ब्रेकच्या सायकली शोधते आहे.